ओठ उचलून बघा

लग्नामुंजीत माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस आधी हसतो. लहान मुलांच्या दातांची डॉक्टर म्हणजे चॉकलेट खाऊ नका असं सांगणारी बाई, असं त्याला वाटतं. मग तो हमखास विचारतो, "पण ते दुधाचेच ना? पडणारच की नंतर." ठाण्याला कोपरीत माझं घर, डोंबिवली पूर्वेला बत्तीस वर्षं चालवलेला माझा दवाखाना आणि दर मंगळवारी टिटवाळ्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यातली अर्ध्या दिवसाची ड्यूटी. या तिन्ही ठिकाणी, जिन्यात, रिक्षात, भाजीच्या गाडीपाशी, मला हा प्रश्न विचारला गेलाय. सुरुवातीला मी त्याचं सविस्तर उत्तर द्यायची. पुढचे दात मूल सहासात वर्षांचं होईपर्यंत टिकायला हवेत, दाढा दहाअकरापर्यंत, तोवर त्यांच्यावर खायचं, बोलायचं, आणि त्यांच्याखाली जे कायमचे दात तयार होतायत त्यांची जागा यांनीच धरून ठेवायची, वगैरे. पुढे पुढे मी नुसतं "हो, पडणार" म्हणायला लागले. लग्नाच्या पंगतीत कोणाला शिकवणी नको असते.

आमचं काम बाहेरून फार साधं दिसतं. बाळाला त्या मोठ्या खुर्चीत बसवत नाहीत. आई आणि मी समोरासमोर स्टुलांवर बसतो, गुडघ्याला गुडघे लावून. बाळाला आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसवायचं आणि अलगद मागे माझ्या मांडीवर आडवं करायचं. त्याला आई दिसते, मला त्याचं तोंड दिसतं. बाळ रडतं. रडलं की तोंड आपोआप उघडतं, त्यामुळे आमच्याकडे रडणं ही सोय समजली जाते. अंगठ्यानं वरचा ओठ उचलायचा आणि दात हिरडीला टेकतो तिथे बघायचं. मिनिटभराचं काम. एकदा माजिवड्याच्या एका टॉवरमधून एक बाई सात महिन्यांच्या बाळाला घेऊन डोंबिवलीपर्यंत आल्या होत्या. बाळाचा पहिला दात आला होता आणि तो वाकडा होता. मी ओठ उचलला, ओल्या कापसानं पुसलं, आणि दात त्यांच्या हातावर ठेवला. भाताचं शीत होतं. त्या बाईंच्या मुलाला आज दाढी आलीय, पण दर दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि आम्ही दोघी त्या शितावर हसतो.

या कामाचं मला वेड लागलं ते मात्र एका रेघेमुळे. कॉलेजात आमच्या सरांनी एक दुधाचा दात उभा कापून, घासून घासून कागदाहून पातळ केलेला, मायक्रोस्कोपखाली ठेवला होता. दाताच्या वरच्या कवचात एक गडद रेघ दिसत होती. सर म्हणाले, ही या मुलाच्या जन्माची रेघ. तिच्या आतलं कवच आईच्या पोटात घडलं, बाहेरचं जगात आल्यावर. जन्माच्या वेळी सगळंच बदलतं, त्या उलथापालथीत दात घडवणाऱ्या पेशी जराशा थबकतात आणि त्या थबकण्याची खूण कायमची राहते. मी मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही. मागे रांगेत असलेली मुलं ओरडायला लागली. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या बोळक्या हिरडीखाली पुढच्या दातांची डोकी जवळपास तयार असतात, हे पुस्तकात मी वाचलं होतं. त्या दिवशी ते खरं झालं. तेव्हापासून प्रत्येक दुधाचा दात मला अर्धा पोटात आणि अर्धा पाळण्यात घडवलेली वस्तू वाटतो, आणि तो तपकिरी होऊन हिरडीपाशी तुटलेला बघवत नाही.

हे न बघवणंच एकदा माझ्या अंगाशी आलं. त्याची ही हकिकत आहे.

टिटवाळ्याच्या दवाखान्यात मंगळवारी गर्दी जास्त. गणपतीचा वार, त्यामुळे स्टेशनवरच्या सगळ्या रिक्षा देवळाकडे, आणि दर्शन करून आलेले पेशंट डॉक्टरच्या टेबलावर पेढ्याचा पुडा ठेवणार. दातांच्या डॉक्टरला पेढे. मी ते दवाखान्यातल्या झाडलोट करणाऱ्या मावशींना देऊन टाकत असे. दवाखाना एका खोलीचा, बाकही आतच, म्हणजे एकाची तपासणी चालू असताना बाकीचे सात-आठ जण ती बघतायत.

तिथे एका मंगळवारी घाग आजोबा आले. उंच, किडकिडीत, पांढरा हाफशर्ट, खिशाला चष्म्याचं घर लावलेलं. कडेवर सवादोन वर्षांची नात तन्वी. मूळ खेडकडचे, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसमध्ये नोकरी केली, बायको वारली, आता मुलाबरोबर टिटवाळ्याच्या एका नव्या अकरा मजली इमारतीत. मुलगा महेश ठाण्याला नोकरीला, सून सायली कल्याणला एका लॅबमध्ये. दोघं सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत. तन्वीला सांभाळणं पूर्णपणे आजोबांकडे. तिची वेणी त्यांनी घातली होती, आणि दोन्ही बाजू सारख्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की पोरगी जेवत नाही म्हणून तिला घेऊन आलेत.

मी ओठ उचलला. वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी खाल्ले गेलेले, तपकिरी, दोन तर टोकाशीच तुटलेले. मागे वरच्या दाढांनाही खड्डे. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ पांढरे. हे चित्र आम्हाला पाठ असतं. बाळ बाटली तोंडात घेऊन झोपतं तेव्हा गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे ते धुतलं जात नाही. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि तेच आम्ल दात पोखरत जातं. खालच्या दातांवर जीभ असते, ती त्यांना झाकते. म्हणजे वरचे किडलेले आणि खालचे चांगले असं दिसलं की बाटली, हे न विचारताच कळतं.

तरी मी विचारलं, हिला झोपवतं कोण. आजोबांचा चेहरा खुलला. म्हणाले, मीच. आईविना झोपत नव्हती सुरुवातीला, दूध दिलं की शांत होते. साखर घालता का? दोन चमचे, त्याशिवाय पीत नाय. बाटली काढून घेता ना? काढली की उठते, म्हणून ठेवतो तशीच.

त्या सकाळी हे तिसरं मूल होतं तसलं. त्याचा राग, उन्हाचा राग, रिक्षा न मिळाल्याचा राग, सगळा मी त्या माणसावर काढला. भरल्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "आजोबा, हिचे दात किड्यांनी नाही खाल्ले. तुम्ही खाल्लेत."

बाकावरची एक बाई हसली. आजोबांनी तन्वीचा फ्रॉक नीट केला. मी चिठ्ठीवर लिहून दिलं की पुढच्या मंगळवारी आईवडिलांना घेऊन या, एका दाढेवर लवकर उपचार करायला लागतील. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, ती चष्म्याच्या घरात ठेवली आणि गेले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. केसपेपरवर फोन नंबर होता. मी फोन केला नाही. मला वाटलं, लोक असेच असतात.

सहाएक महिन्यांनी एका रविवारी सकाळी कल्याणच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. पावणेतीन वर्षांची मुलगी, दोन दिवस ताप, डावा गाल सुजून डोळा मिटलाय, सूज दातातून आलीय असं वाटतं, येऊन बघाल का. मी गेले. कॉटवर तन्वी होती. मी तिला तिच्या वेणीवरून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखता आली नसती.

दाताच्या मुळाशी पू झाला आणि त्याला वाट मिळाली नाही, तर तो गालाच्या आतल्या मऊ जागेत पसरतो आणि वर डोळ्याकडे सरकतो. मोठ्या माणसात त्याला वेळ लागतो. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत एका दिवसात चित्र बदलतं. सलाइनमधून औषधं चालू झालेली होतीच. दोन दिवसांनी सूज थोडी उतरल्यावर तिला पूर्ण भूल देऊन आम्ही वरचे चार दात आणि दोन दाढा काढल्या. सहा दात स्टीलच्या वाटीत पडले. एकेक तांदळाएवढा. माझ्या हातून हजारो दात निघालेत, ते सहा मी मोजले नाहीत असा एक दिवस जात नव्हता पुढे कितीतरी महिने.

पण त्याच्या आधी, त्या रविवारीच, मी तपासत असताना, ही टिटवाळ्याला आली होती ना, असं बोलून गेले, तेव्हा सायली म्हणाली, "मॅडम, तुम्ही हिला आधी बघितलंय? आम्हाला काहीच माहीत नाही." आजोबा दारात उभे होते. ते बाहेर निघून गेले. मी पाठोपाठ गेले. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी ते उभे होते, पाठ करून.

सांगायला त्यांनीच सुरुवात केली. चिठ्ठी घरी जाऊन विम्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवली होती. बाटली त्याच दिवशी बंद केली, पोरगी चार दिवस रडली, तरी दिली नाही. पण घरी सांगितलं नाही. सुनेनं त्यांच्या भरवशावर पुन्हा नोकरी धरली होती. पोरीचे दात तुम्ही खाल्ले असं डॉक्टर म्हणाली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार. त्यांना वाटलं, बाटली बंद झाली, आता आपोआप थांबेल.

मी म्हणाले की मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं.

"खोटं नाय बोललात तुम्ही," ते म्हणाले. "पण चारचौघांत बोललात. बाजूला घेऊन बोलला असतात तर मी घरी जाऊन सांगितलं असतं, बाई."

माझ्या सगळ्या नोकरीधंद्यात मला कोणी इतक्या शांतपणे माझी चूक दाखवली नाही. खाली रस्त्यावर केळीवाला ओरडत होता. थोड्या वेळानं ते वळले आणि त्यांनी जे मागितलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मला बघायला शिकवा," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी कापड बघितलंय. एक धागा सुटला तरी मला दिसायचा. पोरीच्या तोंडात रोज बघत होतो मी, हसली की दिसायचे दात. पण कुठं बघायचं ते मला कोणी सांगितलं नाय."

प्रोसेस हाउसमध्ये ते कापड तपासायचे. रंगवलेलं, छापलेलं कापड टेबलावरून सरकत जातं आणि तपासणारा त्यातले दोष हेरतो. डाग, सुटलेला धागा, रंगाचा पट्टा. कापड थांबत नाही, माणसानंच वेळेत बघायचं. शिकवीन, असं मी कबूल केलं.

तन्वी बरी झाली. पुढचे दात नसलेली ती पोरगी 'स' ला 'थ' म्हणायला लागली आणि वर्गातल्या बाईंना तेच आवडायचं. घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सायलीनं नोकरी सोडली नाही आणि तन्वी आजोबांकडेच राहिली, यावरून जे समजायचं ते मी समजले. पुढच्या वर्षी सायलीला दिवस गेले. मुलगा झाला, सोहम. आणि एका मंगळवारी घाग आजोबा टिटवाळ्याच्या दवाखान्यात एकटेच आले आणि बाकाच्या टोकाला बसले. शिकवायचं कबूल केलं होतंत, म्हणाले.

मी शिकवलं. आयांना विचारून, आजोबांना माझ्या शेजारी उभं करून. कीड म्हणजे काळा डाग, असं सगळ्यांना वाटतं. काळा डाग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या खूप आधी दाताची चमक जाते. हिरडीला लागून एक पांढुरकी रेघ दिसते, खडूनं ओढल्यासारखी. ओल्या दातावर ती दिसतच नाही, दात कापसानं कोरडा केला की दिसते. त्या टप्प्यावर दात अजून फुटलेला नसतो, फक्त त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बाहेर जायला लागलेला असतो. आजोबा प्रश्न कमी विचारायचे. दर मुलाच्या वेळी चष्मा पुसायचे.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी ते म्हणाले, बाई, बत्ती अशी समोरून नका धरू. कापडावर सरळ उजेड टाकला की सगळं कापड चांगलंच दिसतं. उजेड आडवा पाहिजे, बाजूनं, कापडाला घासून गेल्यासारखा. मग खडबडीत जागा उठून दिसते. मी त्यांचं समाधान व्हावं म्हणून टॉर्च बाजूला नेली आणि तिरपी धरली. समोर एक दीड वर्षाचा मुलगा होता. क्षणापूर्वी मी त्याच्या आईला सगळं छान आहे असं सांगितलं होतं. तिरप्या उजेडात त्याच्या दाताच्या मुळाशी निस्तेज पट्टा दिसला. मी आईला पुन्हा बसवलं आणि माझं म्हणणं मागे घेतलं. घरी जाताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की आजवर असे किती पट्टे मी सरळ उजेडात 'छान' म्हणून घरी पाठवले असतील. तो हिशेब लागणारा नव्हता.

सोहमला सातव्या महिन्यात पहिला दात आला. आजोबांनी पहिल्या दिवसापासून सगळं केलं. मऊ छोटा ब्रश, मोठ्यांचीच फ्लोराइडवाली पेस्ट पण तांदळाच्या एका दाण्याएवढी, सकाळी आणि झोपायच्या आधी. ब्रश झाल्यावर पाण्याखेरीज काही नाही. दुधात साखर नाही. बाटलीऐवजी वाटी, मग पेला. शेजारच्या एका बाईंनी चोखणी मधात बुडवून दिली तेव्हा आजोबांनी त्यांना आत बोलावून चहा दिला, आणि सोहमच्या नाही, तन्वीच्या तोंडातली रिकामी जागा दाखवली. हे मला सायलीनं सांगितलं.

सोहम चौदा महिन्यांचा असताना आजोबा त्याला घेऊन आले, मंगळवार नव्हता, थेट डोंबिवलीला. वरचा, डावीकडचा दुसरा दात, म्हणाले, हिरडीपाशी, धाग्याएवढं. मी तपासलं. कोरडं केलं, तिरपा उजेड टाकला. काही नव्हतं. मी म्हणाले, आजोबा, छान आहे, तुम्ही जास्त काळजी करताय.

ते म्हणाले, "अजून एकदा बघा. मी वाट बघतो."

मी भिंगाचा चष्मा लावला, तो लहान मुलांना मी सहसा लावत नाही, घाबरतात. दात हवेनं अगदी कोरडा केला. आणि होतं. केसाच्या जाडीची, एक-दोन मिलिमीटरची पांढरी रेघ. साध्या डोळ्यांना ती दिसायला नको होती. सत्तरीच्या माणसाला, साध्या चष्म्यातून, घरातल्या खिडकीच्या उजेडात ती दिसली होती. मी त्या लहानशा तोंडावर वाकून तशीच राहिले.

कारणही त्यांनीच शोधून आणलं होतं. सोहमला सर्दी-खोकला झाला होता, तीन आठवडे गोड सिरप चालू होतं, आणि ते तो पेंगायला लागला की शेवटी दिलं जात होतं. औषध थांबवायचं नव्हतं. फक्त औषध आधी आणि ब्रश नंतर, एवढाच बदल. मी दातावर फ्लोराइडचं वार्निश लावलं, एका छोट्या ब्रशनं चिकट थर फासतात, सेकंदाचं काम. तीन महिन्यांनी या म्हटलं.

तीन महिन्यांनी मी भिंग लावलं, दात कोरडा केला, उजेड आडवा टाकला, सरळ टाकला, सगळीकडून बघितला. रेघ नव्हती. दात चकाकत होता.

हे होतं, हे मला माहीत होतं. लाळेतच चुना असतो, आणि साखरेचा मारा थांबला तर लाळ तो पुन्हा दातात भरते. फ्लोराइड त्याला हातभार लावतं. हे मी शेकडो आयांना सांगितलेलं आहे. पण माझ्याकडे मुलं येतात ती खड्डा पडल्यावर, गाल सुजल्यावर. रेघेच्या टप्प्यावर कोण आणणार, आणि आणलं तरी पुन्हा दाखवायला कोण येणार. माझं सगळं आयुष्य खड्डे बघण्यात गेलं. भरलेले, वाढलेले, सडलेले. न पडलेला खड्डा मी त्या दिवशी बघितला. काहीच नसलेली ती जागा मी आजोबांना भिंगातून दाखवली आणि तिथे काय होऊन गेलं ते सांगितलं. दातानं स्वतःला रफू केलं, असं मी म्हणाले. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग म्हणाले, रफू दिसतं, बाई. हे दिसत नाय.

तन्वीचे कायमचे दात उशिरा आले, सात पूर्ण झाल्यावर. दुधाचा दात फार लवकर काढला की वरची हिरडी घट्ट होते आणि नव्या दाताला वेळ लागतो. पहिला आला, त्यावर मधोमध पिवळसर डाग आहे. त्या सुजेच्या वेळी तो वर हाडात घडत होता, ती सूज त्याच्यावर उमटली. तो डाग झाकता येईल, ती मोठी झाल्यावर झाकूही. पण तो का आला ते मला माहीत आहे. दोन वाक्यांचा राग आणि एक न केलेला फोन. माझ्या पदव्या भिंतीवर आहेत, आणि माझी ही एक खूण तन्वीच्या दातावर आहे. आजोबांनी तो डाग बघितला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

गेल्या वर्षी मी डोंबिवलीचा दवाखाना बंद केला. हात अजून स्थिर आहेत, पण पाठ म्हणते पुरे. आता अधूनमधून बालवाड्यांतून दात तपासायला जाते. या उन्हाळ्याच्या आधी टिटवाळ्याच्या एका शाळेत गेले होते. सोहम या शाळेत नाही, त्यामुळे कोणी ओळखीचं नव्हतं. चार-पाच वर्षांची मुलं रांगेत, मी लहान खुर्चीवर, बाजूला बाई नावं लिहितायत. पहिली पाच-सहा मुलं नेहमीसारखीच. तपकिरी, तुटलेले, कोणाच्या दाढेत खड्डा. मी सांगत होते, बाई लिहीत होत्या.

मग एक मुलगी पुढे आली. मी काही म्हणायच्या आत तिनं डोकं मागे टाकलं, स्वतःच्या अंगठ्यानं वरचा ओठ उचलला आणि थांबली. वीसच्या वीस दात, स्वच्छ. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. ओठ न सोडता ती म्हणाली, घाग आजोबांनी. मला वाटलं, शेजारी राहत असेल. दोन मुलांनंतर एका मुलानं तेच केलं. अंगठा, ओठ, दात स्वच्छ. तोही म्हणाला, घाग आजोबा. पुढे आणखी एक. वर्ग संपेपर्यंत अशी सात मुलं झाली. बाईंनी पत्ते बघितले, सातही एकाच इमारतीतली. बाकीचा वर्ग नेहमीसारखाच होता.

मी टॉर्च बंद करून ठेवली. बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

शाळा सुटल्यावर मी चालतच त्या इमारतीकडे गेले. गेटच्या आत, वॉचमनच्या खोलीशेजारी उन्हाचा एक तुकडा पडतो, तिथे बाकावर घाग आजोबा बसले होते. वय दिसायला लागलंय. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी पूर्वीसारखं दिसत नाही असं ते म्हणाले. मी शाळेतलं सांगितलं. ते संकोचले. सकाळी बायका पोरांना घेऊन उन्हाला बसतात, त्यांना तिथल्या तिथे दाखवत गेलो, म्हणाले. कोणाच्या पोराच्या तोंडात कधी बोट घातलं नाय, आयांनाच बघायला लावलं. एकीनं दुसरीला सांगितलं. पोरं मोठी झाली तशी स्वतःच दाखवायला लागली. मला इतकी वर्षं का सांगितलं नाही असं विचारलं, तर म्हणाले, तुमचं काम मी करतोय असं वाटायला नको.

बत्तीस वर्षांच्या दवाखान्यात मला जे जमलं नव्हतं, ते या बाकावर झालं होतं.

शेजारी एक तरुण मुलगी पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती. आमचं बोलणं ऐकून तिनं विचारलं, हिला कधी येतील हो दात? मी हात धुऊन आले, बाळाच्या खालच्या हिरडीवरून करंगळी फिरवली. मधोमध, कातडीच्या अगदी खाली, कडक धार लागली. मी आजोबांना म्हणाले, तुम्ही बघा. ते नको म्हणाले. ती मुलगी म्हणाली, "बघा ना आजोबा."

ते उठले. बागेच्या नळावर साबणानं हात धुतले, रुमालानं पुसले, पुन्हा धुतले. मग बाळापाशी बसून त्यांनी करंगळी तिच्या तोंडात घातली आणि डोळे मिटले. त्यांचं बोट हिरडीवरून हळू सरकत होतं, आणि एका जागी थांबलं.

"आलाय," ते म्हणाले. "अजून दिसत नाय, पण आलाय."

बाळानं हिरड्या घट्ट मिटल्या होत्या. ते त्यांचं बोट सोडायला तयार नव्हतं, आणि आजोबाही ते काढून घेत नव्हते.